भजनाच्या रेकॉर्डिंगसाठी ८५ हजारांचा पीसी? आधी जुन्याचं झाकण उघडा

नाशिकच्या सिडकोतून एका भाऊंनी विचारलंय. अंबडला कंपनीत नोकरी, हातात ३१ हजार, त्यातले ९ हजार घराच्या हप्त्याला. घरीच भजनं, अभंग रेकॉर्ड करतात, मागच्या वर्षी दोन मंडळांची कामं मिळाली, त्याचे ६ हजार आले. आता २०२७ चा सिंहस्थ आहे, कामं वाढतील म्हणून ८५ हजारांचा नवा पीसी घ्यायचाय, तर १ लाख २० हजारांची एफडी मोडू की २४ महिन्यांचा ईएमआय घेऊ?

भाऊ, दोन्ही नको. एफडी म्हणजे तुमच्या घरातला जेमतेम पाच महिन्यांचा खर्च आहे आणि दुसरं काहीच बाजूला नाहीये, त्यामुळे तिला हातच लावायचा नाही. आणि १४ टक्क्यांनी हप्ता बसतो साधारण ४,०८० चा, म्हणजे दोन वर्षांत जवळजवळ १३ हजार नुसतं व्याज, प्रोसेसिंग फी वेगळी. रेकॉर्डिंगची कमाई महिन्याला काढली तर ५०० रुपये. सिंहस्थात कामं येतीलही, पण अजून एकाही मंडळाने ॲडव्हान्स दिलेला नाही ना, मग ते उत्पन्न कागदावर धरू नका.

आता तुमची मूळ तक्रार, की गाताना हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो आणि सहा-सात ट्रॅक झाले की टकटक आवाज येतात. (मी पण हार्मोनियम वाजवतो, बरी नाही वाजवत, पण हा त्रास भोगलाय.) तुमचा पीसी आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह आहे, भजनाला तो रग्गड झाला, विंडोज ११ पण त्यावर चालतं. अडचण अशी की माइक तुम्ही थेट पीसीच्या मागच्या पिनला लावलाय आणि बफर, म्हणजे पीसी आवाजाचे जेवढे नमुने एका वेळी गोळा करून पुढे पाठवतो तो आकडा, १०२४ वर ठेवलाय. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला तेवढे नमुने घेताना, १०२४ म्हणजे २३ मिलिसेकंद, तेही फक्त एका बाजूचे, आत जाताना तेवढे आणि बाहेर येताना परत तेवढेच. २३ मिलिसेकंदांत आवाज जवळजवळ आठ मीटर जातो, म्हणजे तबलजी हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलाय असं समजा, मग सम कशी सापडणार! तेच १२८ ला ३ मिलिसेकंद, म्हणजे तबलजी मीटरभरावर, शेजारी.

पण १२८ वर हे सेटिंग टिकायचं असेल तर स्वतःचा असिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरात आत-बाहेर नेणारं सॉफ्टवेअर) असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन लावायची बाहेरची डबी, लागतो, आणि खरा खर्च करायचा तो इथे. त्यात डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण बघून घ्या, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज पीसीत न जाताच ऐकू येतो. कंडेन्सर माइक (ज्याला चालायला वीज लागते तो) असेल तर ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरमधूनच जाणारी वीज, पण हवा.

बाकी फुकटात होतं. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स करा, रेकॉर्डिंगच्या वेळी वाय-फाय बंद, प्रोजेक्टचं फोल्डर अँटिव्हायरसच्या स्कॅनमधून वगळा, झालेले ट्रॅक फ्रीझ करा (म्हणजे इफेक्टसकट पक्के करून ठेवा, पीसीवरचा भार कमी होतो), आणि मिक्सिंगला बसलात की बफर परत वाढवा कारण तेव्हा उशीर झाला तरी काही बिघडत नाही. तरी टकटक राहिली तर लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा, कोणता ड्रायव्हर त्रास देतोय ते कळेल, बऱ्याचदा नेटवर्कचा निघतो.

जुनी हार्ड डिस्क मात्र बदला, एसएसडी टाका, आणि ८ जीबी रॅमची १६ करा. एमजी रोडला तीन दुकानांतून कोटेशन काढा, पहिल्याच दुकानात "साहेब नवीनच घ्या" ऐकायला मिळेल, लक्ष देऊ नका.

इंटरफेस, एसएसडी, रॅम मिळून १८ ते २० हजारांची मर्यादा ठरवा आणि ते दिवाळीच्या बोनसमधून करा, तोपर्यंत फुकटवाली सगळी कामं उरकून घ्या. नव्या पीसीचं नंतर बघू, रेकॉर्डिंगचे सलग सहा महिने, दर महिन्याला ४ हजार यायला लागले की मला परत लिहा. आणि हो, मंडळांकडून निम्मे पैसे आधी घेत जा, ते मागायला लाजू नका.