सेटिरिझिन रोज घेतली तर चालते का? वडिलांनाही तीच देऊ का?

तुम्ही लिहिलंय की गणपतीनंतर शिंका आणि डोळ्यांची खाज सुरू होते, दोन महिने रोज सकाळी सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी घेताय, दुपारी ऑफिसात डोळे मिटतात. सवय लागेल का, आणि सत्तरीच्या वडिलांना तीच गोळी चालेल का, हे विचारलंय. मी डॉक्टर नाही. पुण्यात बावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर फार्मसिस्ट म्हणून उभा आहे, आणि गाजर गवत फुलायच्या दिवसांत हाच प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं.

दारू-तंबाखूसारखी सवय या गोळीची लागत नाही. पण बरेच महिने रोज घेऊन एकदम बंद केल्यावर काही जणांना अंगभर भयंकर खाज सुटते. हे फार क्वचित होतं, तरी अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, म्हणजे एफडीएने, मे २०२५ मध्ये सेटिरिझिन आणि तिचीच बहीण लेव्होसेटिरिझिन या दोन्हींबद्दल तसा इशारा दिला आहे. बंद केल्यावर काही दिवसांत अशी खाज आली, तर ती मूळची ॲलर्जी समजून अंदाजाने डोस वाढवू नका, डॉक्टरांना सांगा. आणि दोन महिने रोज गोळी लागतेय म्हणजे एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायची वेळ झालीच आहे. नाक चोंदत असेल तर या गोळ्यांचा उपयोग तसाही कमी होतो. तिथे नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे जास्त काम करतो. मात्र ॲलर्जीची त्वचेवरची चाचणी करायची ठरली, तर गोळी किती दिवस आधी थांबवायची हे त्यांना नक्की विचारा, नाहीतर चाचणी खोटी येते.

आता झोपेचं. सेटिरिझिन ‘झोप न आणणारी’ म्हणून विकली जाते, पण नव्या गोळ्यांमध्ये सुस्ती आणण्यात तीच पुढे आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १० मिलिग्रॅमची एकच गोळी. ती रात्री झोपताना घ्या. सकाळी डोकं जड वाटलं तर त्या दिवशी दुचाकी काढू नका, आणि गोळी घेतली असेल त्या दिवशी दारू नको. शिंका थांबल्या नाहीत म्हणून लोक दुपारी दुसरी गोळी घेतात. त्याने शिंका फारशा कमी होत नाहीत, गुंगी वाढते. तुमचं काम गाडीवरचं असेल तर डॉक्टरांना फेक्सोफेनाडिन या ॲलर्जीच्या दुसऱ्या गोळीबद्दल विचारा, तिने झोप फार कमी येते. ती साध्या पाण्याबरोबरच घ्यायची. संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर अंगात नीट शोषली जात नाही.

इथे आपल्याकडची एक गंमतशीर वाटणारी पण खरी अडचण येते. अंगावर गांधी उठल्या की आपण ‘पित्त उठलं’ म्हणतो, आणि माणूस ॲलर्जीच्या गोळीबरोबर ॲसिडिटीचं औषधही घेऊन टाकतो. त्या पित्ताचा पोटातल्या ॲसिडिटीशी संबंध नसतो. उलट ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेलं ॲसिडिटीचं औषध फेक्सोफेनाडिनचा असर कमी करतं. दोन्ही घ्यायचीच असतील तर मध्ये दोन तास जाऊ द्या.

वडिलांबद्दल मात्र घाई करू नका. माझे वडील एकाहत्तर वर्षांचे असतानाची गोष्ट आहे. प्रोस्टेट वाढलेलं होतं. सर्दी झाली म्हणून शेजारून मिळालेली सर्दीची गोळी ते दिवसातून तीनदा घेत होते, आणि रात्री घरच्या डब्यातली सेटिरिझिन. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला बाथरूममध्ये दिवा दिसला म्हणून उठलो. भिंतीला हात टेकून उभे होते, ओटीपोट दगडासारखं घट्ट, आणि थेंबभर लघवी होत नव्हती. दवाखान्यात नळी घातल्यावर सुटका झाली. नंतर मी त्या सर्दीच्या पाकिटाची मागची बाजू वाचली: पॅरासिटामॉल, फिनाइलेफ्रिन, क्लोरफेनिरामाइन. म्हणजे क्लोरफेनिरामाइन हे सेटिरिझिनच्याच कुळातलं जुनं औषध आधीच पोटात होतं. ते आणि नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन, दोन्ही लघवी अडवू शकतात. मी घरातच होतो आणि काय काय घेताय हे मी त्यांना विचारलं नव्हतं. ते मला अजून लागतं.

तेव्हा पाकिटावरचं मोठं नाव सोडा, मागचे बारीक अक्षरातले घटक वाचा. वडिलांना प्रोस्टेट किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर सर्दीच्या गोळ्या परस्पर देऊच नका. सेटिरिझिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंड कमी काम करत असेल, तर डोस कमी करावा लागतो. शेवटचा रक्ताचा रिपोर्ट घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. घरात लहान मूल असेल तर मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना लेबलवर छापायला सांगितलं आहे.

आणि कुणाचे ओठ-जीभ सुजले, आवाज बसला, धाप लागली किंवा चक्कर आली, तर गोळी देऊन वाट बघत बसू नका. तिचा असर व्हायला वेळ लागतो आणि तो अशा वेळी पुरत नाही. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं. १०८ ला फोन करा, नाहीतर सरळ गाडीत घालून जवळचं हॉस्पिटल गाठा.