मामा गॉडफादर होऊ शकतो का?

पत्र थोडक्यात: मी साताऱ्याची, सध्या लेस्टरला. नवरा इंग्रज, लहानपणी बाप्तिस्मा झालेला, आता नाताळापुरता चर्चला जाणारा. मी हिंदूच आहे. सात महिन्यांच्या लेकाचा बाप्तिस्मा डेव्हनमधल्या त्यांच्या गावच्या चर्चमध्येच व्हावा, असा सासूबाईंचा हट्ट आहे. माझ्यामुळे चर्च नाही म्हणेल का? गॉडफादर, म्हणजे बाप्तिस्म्यात बाळासाठी वचन देणारा धर्मपिता, माझा भाऊ व्हावा असं मला वाटतं. तिकडे ‘आमचं बारसं राहिलंच’ म्हणून आई रुसली आहे.

मावशीचं उत्तर:

अगं, तुझ्या धर्मावरून कोणी दार लावणार नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमांप्रमाणे आपल्या पॅरिशमधल्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, बाळाचा बाप्तिस्मा व्हिकरला, म्हणजे तिथल्या धर्मगुरूला, नाकारता येत नाही. आईबाप आणि गॉडपेरेंट्सची (गॉडफादर-गॉडमदरची) तयारी करून घेण्यापुरता तो लांबवता येतो, एवढंच. आईबापांचा बाप्तिस्मा झालेला असलाच पाहिजे, अशी अटही नाही.

मात्र तुमची पॅरिश लेस्टरची. डेव्हनच्या व्हिकरला आधी तुमच्या इथल्या व्हिकरची संमती विचारावी लागेल. तेव्हा सासूबाईंनी हॉल ठरवण्याआधी तुम्ही दोघं घराजवळच्या चर्चमध्ये जाऊन बोलून या.

भावाचं मात्र जमायचं नाही. गॉडपेरेंटचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला लागतो, आणि मामा कितीही लाडका असला तरी यात सूट नाही. मुलासाठी निदान दोन पुरुष आणि एक बाई असे तिघं हवेत; ते जुळत नसतील तर एक गॉडफादर आणि एक गॉडमदर चालतात. दुसरं कोणी सोबत असेल तर तुझा नवराही त्यांच्यात उभा राहू शकतो. भावाला वाईट वाटू देऊ नकोस, मामाचा मान वेगळा आहे. सातवा महिना म्हणजे उष्टावणाचे दिवस. बोलाव त्याला, चांदीच्या वाटीतली खीर त्यालाच भरवू दे.

आता तू न विचारलेलं. बाप्तिस्मा बहुधा रविवारच्या उपासनेत, सगळ्या मंडळीसमोर होतो. तिथे गॉडपेरेंट्सबरोबर आईबापांनाही प्रश्न विचारतात: पापाचा त्याग करता का, ख्रिस्ताकडे वळता का? ही उत्तरं तुला मनापासून देता येतील का? सासूबाईंना बरं वाटावं म्हणून ओठांनी ‘हो’ म्हणू नकोस. व्हिकरला आधीच स्पष्ट सांग की, मी हिंदू आहे, मुलाला चर्चमध्ये आणायला माझी ना नाही, पण ही वाक्यं माझी नाहीत. त्यातून काय मार्ग काढायचा ते त्यांनाच विचार. नवऱ्यालाही विचार, कारण नंतर मुलाला चर्चमध्ये कोण नेणार? नाताळापुरता जाणारा माणूस हे वचन देणार असेल तर त्याने थोडा विचार केलेला बरा.

दोघांचंही अडलं तर बाळाच्या जन्माबद्दल देवाचे आभार मानण्याची एक वेगळी छोटी उपासना असते. तिला गॉडपेरेंट्स लागत नाहीत, ख्रिस्ती श्रद्धेची वचनंही द्यावी लागत नाहीत, आणि पुढे बाप्तिस्मा करायचा झाला तर तो करता येतो. सासूबाई आधी नाक मुरडतील. त्यांच्याशी तुझ्या नवऱ्याने बोलावं, तू नव्हे.

आईला सांग, नाव चर्च ठेवत नाही. ते तुम्ही जन्मनोंदणीतच, ४२ दिवसांच्या मुदतीत, लिहून आलात. पाळणा घरी बांधा आणि नणंदेला कुर्रर्र करायला शिकव. आत्या तीच आहे ना! तिचा बाप्तिस्मा झालेला असेल तर गॉडमदरही तिलाच करा.

आणि हो, बाप्तिस्म्याची फी नसते. पार्टीचा खर्च सासूबाईंचा.