हॉस्टेलचा रविवार तू बघितलाच नाहीस

प्रश्न: मावशी, मी सटाण्याकडची, नाशिकला गंगापूर रोडला इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला आहे. हॉस्टेलच्या रूममध्ये दोन सीनियर आहेत. एक रात्री दीडपर्यंत फोनवर, लाइट चालूच. मेसची भाजी म्हणजे नुसतं पाणी. दुसरीचं जर्नल मलाच लिहून द्यावं लागतं. दर शनिवारी घरी पळते, सोमवारी पहाटे परत निघताना रडू येतं. वर्गातल्या तिघी कॉलेज रोडला फ्लॅट घेऊ म्हणतायत. जाऊ का?
– कंटाळलेली

अगं कंटाळलेली, तुझं पत्र बरंच मोठं होतं, कापून टाकलंय, पण खरं सांगू का, त्यात भाजीवर अख्खा पॅरा होता आणि जर्नलवर ही एवढीच ओळ. मला ती ओळच टोचली. सीनियरचा अभ्यास ज्युनियरकडून लिहून घेणं हे यूजीसीच्या २००९ च्या नियमांत रॅगिंगमध्येच मोडतं, आणि महाराष्ट्रात तर १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदाच आहे. म्हणजे लगेच पोलीस बोलव असं नाही म्हणत मी. आधी सरळ सांग, ताई माझंच सबमिशन राहिलंय, मला नाही जमणार. तोंड वाकडं करेल, करू दे. पण त्यानंतर टोमणे, धमकी असलं काही सुरू झालं तर रेक्टर मॅडमना लेखी दे, आणि १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइन नंबर आत्ताच सेव्ह करून ठेव, रात्री-बेरात्री पण लागतो.

फोनवालीचं वेगळं. ती त्रासदायक आहे, वाईट नाही. आमच्या वेळी एसटीडी बूथवर रात्री उशिरा रेट कमी व्हायचा म्हणून आख्खं हॉस्टेल तेव्हाच लाइन लावायचं, त्यामुळे रात्रीच्या फोनबद्दल मला फार बोलायचा हक्क नाही 😄 तिला म्हणावं अकरानंतर कॉरिडॉरमध्ये बोल आणि टेबल लॅम्प लाव. हे तू तिला अजून एकदाही बोललेली नाहीस, बरोबर ना? पत्रावरून तरी तसंच वाटतं.

आता शनिवारचं. बायकांना एसटीत हाफ तिकीट झाल्यापासून घरी पळणं फारच सोपं झालंय बघ. पण हॉस्टेल जे काही असतं ते रविवारी असतं गं! सोमवार ते शनिवार सगळ्या कॉलेजच्या असतात, रविवारी सकाळी मात्र बादल्यांची लाइन, डोक्याला तेल, कोणीतरी ओरडतं चला मिसळ खायला, मग पाच-सहा जणी केस ओले तशाच निघतात, पापड मोडत दोन तास बसतात, दुपारी कोणाच्या तरी बेडवर सगळ्या आडव्या, संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी मेस बंद म्हणून परत बाहेर, नाहीतर सिटीलिंकची सिटी बस पकडून पंचवटीत घाटावर. मैत्रिणी अशाच होतात. तू नेमकी तेव्हा सटाण्याला. सोमवारी आलीस की त्यांचे जोक तुला कळत नाहीत, आणि मग तुला वाटतं हे आपलं नाहीच.

फ्लॅटचं म्हणशील तर डिपॉझिट, ब्रोकर, सिलेंडर, भांडीवाली, वायफाय, आणि चौघींत एकीने मध्येच सोडला की तिचं भाडं उरलेल्या तिघींच्या डोक्यावर. शिवाय तिथेही तू शनिवारी पळणारच. त्यामुळे आत्ता नको. हे वर्ष संपेपर्यंत तरी थांब, मग त्या तिघींशी पटतं का तेही कळेल.

या महिन्यात दोन रविवार नाशिकलाच काढ. पहिला बोअर जाईल, आधीच सांगते. आईला म्हणावं मी येत नाहीये, ठेचा आणि भाकऱ्या कोणाबरोबर तरी पाठव, आणि जरा जास्त पाठव, भाकरीचा वास आला की शेजारच्या रूममधल्या पण येतील.