भारतात १३६ किलोहर्ट्झ किंवा त्याखाली हौशी रेडिओचे प्रयोग करता येतात का? ट्रान्समीटर नसेल तर नुसतं ऐकण्यात काही अर्थ आहे का?

प्रश्नाचा पहिला भाग झटपट उरकतो, कारण मला बोलायचंय ते दुसऱ्यावर.

२००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हौशींना १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा पट्टा मिळाला, २०१२ ला ४७२ ते ४७९. पहिल्यावर हवेत जाणारी ताकद एक वॅटच्या वर न्यायची नाही. पण परिषदेत मिळालं म्हणजे तुमच्या-माझ्या पदरात पडलं असं नसतं. तुमच्या लायसन्सला जोडलेल्या तक्त्यात जे पट्टे छापलेत तिथेच मोर्सची की (संदेश ठोकायचं बटण) दाबायची. शंका असेल तर लायसन्स देणाऱ्या सरकारी वायरलेस प्लॅनिंग विंगला लिहून विचारा, इथल्या तज्ज्ञांना नको. मलाही नको. आणि एक वॅट म्हणजे किरकोळ, असं समजू नका. १३६ ची लाट २२०० मीटर लांब, तिचा पाव म्हणजे ५५० मीटर. गच्चीवरच्या दहा-पंधरा मीटर तारेत शंभर वॅट ओतले तरी बहुतेक सगळे कॉइल आणि जमीन तापवण्यात जातात. परदेशातले लोक म्हणून तर मोर्सचा एकेक ठिपका तीन-तीन सेकंद, कधी त्याहून जास्त ताणतात आणि पलीकडचा माणूस कानाने नाही, कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो वाचतो.

आता तुमचं ते "नुसतं ऐकण्यात". हे शब्द मी पंधरा वर्षं ऐकतोय.

मी इचलकरंजीचा. घराच्या पूर्वेला मागांची शेड, चोवीस तास खडखडाट. कानाला त्रास वेगळा, रेडिओला वेगळा. शेकडो मोटरी, जुने स्टार्टर, ढिली जोडणी. शंभर किलोहर्ट्झच्या खाली रिसीव्हर लावला की नुसती पिठाची गिरणी. आमच्या भागात एक ज्येष्ठ हॅम (हौशी रेडिओवाले) आहेत, नाव घेत नाही, साहेब म्हणू. माणूस चांगला, मोर्स तर असा की हेवा वाटावा. पण एक ठाम मत: "की दाबल्याशिवाय हॅम कसला रे? ऐकतं तर कुत्रंही."

२०११ च्या मे महिन्यात सासुरवाडीला गेलो होतो, आजऱ्याकडे. रात्री लोडशेडिंग. सगळे अंगणात बाज टाकून वीज कंपनीचा उद्धार करताहेत आणि मला एकदम लक्षात आलं, गावचा ट्रान्सफॉर्मर मेलाय म्हणजे पन्नास हर्ट्झची ती घरघर पण गेली! जुन्या टेपरेकॉर्डरचा ॲम्प्लिफायर, पुढे एक एफईटी (सिग्नल उचलणारा ट्रान्झिस्टर) आणि चाळीस मीटर वायर एवढं बरोबर होतंच. मेहुण्याला उठवलं. तो "दाजी, उद्या करू की" म्हणत बॅटरी घेऊन आला. बांधावरून शेवरीच्या झाडापर्यंत तार ओढली, विहिरीच्या काठाला ओल्या मातीत सळई ठोकली. सासरे लांबून बघत होते. म्हणाले, "पाव्हणं, हत्तीसाठी लावताय काय?" (आजऱ्यात हत्ती येतात, हा विनोद नव्हे.)

हेडफोन लावला. पहिल्यांदा नुसती तडतड, तेलात मोहरी टाकल्यासारखी. ही विजांची, आणि त्या विजा आजऱ्यात पडत नव्हत्या, शेकडो-हजारो किलोमीटरवर कुठेतरी पडत होत्या. मग त्या तडतडीतूनच मधूनमधून एक "ट्यूंव". पुन्हा "ट्यूंव". ताणलेल्या तारेला खडा मारावा तसा. अंगावर काटा आला. कुणी पाठवलेलं नाही, कुणाचं लायसन्स नाही, आणि आकाश वाजतंय.

त्यात आणखी एक होतं: टिक्… टिक्… टिक्… सेकंदाला एक, घड्याळासारखं. वीज तर गेलेली. तासभर मी त्याच्या मागे. मेहुण्याला तार धरायला लावली, सळई बदलली, वेळ लिहून काढली. पाणबुडी, उपग्रह, काय काय मनात आलं. शेवटी मेहुणाच जांभई देत म्हणाला, "दाजी, पलीकडच्या रानात डुकरासाठी कुंपणाला झटका मशीन आहे, ते बॅटरीवर चालतंय." तर ते. तेव्हापासून कुठल्याही गावात तार टाकण्याआधी मी झटका मशीनची चौकशी करतो. तुम्हीही करा.

परत आल्यावर साहेबांना रेकॉर्डिंग ऐकवलं. म्हटलं, व्हिसलर मिळाला. ते हसले. आणि इथे खरं सांगायला पाहिजे: हसले ते बरोबरच होतं. व्हिसलर म्हणजे विजेची लहर पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून वर अवकाशात जाते आणि दुसऱ्या गोलार्धात उतरते, ती लांबलचक शिट्टी. चुंबकीय विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, आपल्याकडे, तिची आशा धरू नये. मी ऐकलं ते ट्वीक. विजेची लहर जमीन आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित भाग) यांच्यामधून, खाली फरशी वर छत अशा बोगद्यातून येते. साधारण १७०० हर्ट्झच्या जवळचा भाग त्या बोगद्यात अडखळत, मागे रेंगाळत येतो, म्हणून शेपटी ओढल्यासारखा आवाज. प्रकाशाचा वेग, सेकंदाला तीन लाख किलोमीटर, भागिले १७०० ची दुप्पट. उत्तर ८८ किलोमीटर. एवढ्या उंचीवर रात्री ते छत असतं. उसाच्या पावतीच्या पाठीवर केलेला हिशेब आहे, अजून जपून ठेवलाय. साहेबांना तोही दाखवला. म्हणाले, "छान. पण कॉन्टॅक्ट किती झाले?" म्हणजे हवेवर किती जणांशी बोललास.

म्हणून २०१७ सांगतो.

मधल्या काळात मी घरी लूप, म्हणजे तारेच्या वेढ्यांचा अँटेना, केला होता. एक मीटरची चौकोनी फ्रेम, साठ वेढे, २६ गेजची वाइंडिंग वायर. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते, साडेतीनशे ग्रॅम लागली. मागांच्या गावात राहण्याचा हा एक फायदा. लूपला दोन आंधळ्या बाजू असतात, त्यातली एक नेमकी शेडकडे करून ठेवली. मग तिरुनेलवेलीजवळच्या विजयनारायणमचं नौदलाचं केंद्र, आयएनएस कट्टबोम्मन, १८.२ किलोहर्ट्झवर स्वच्छ दिसायला लागलं. ते पाणबुड्यांसाठी बोलतं. मजकूर आपल्याला कळत नाही आणि कळून घ्यायचाही नाही, आपण फक्त सिग्नलचा जोर मोजायचा. रिसीव्हरसुद्धा लागत नाही. लॅपटॉपचं साउंड कार्ड सेकंदाला ४८ हजार नमुने घेतं, म्हणजे २४ किलोहर्ट्झपर्यंत सरळ ऐकतं. 'स्पेक्ट्रम लॅब' नावाचं फुकट सॉफ्टवेअर दिवसभर त्या जोराची रेघ काढत बसतं.

६ सप्टेंबर २०१७, बुधवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गाव झोपेत, कान अजून ढोलाने बधिर. दुपारी २:४० च्या सुमारास रेघेला एक उंचवटा आला. मला वाटलं लूप कुणीतरी हलवला, बायकोवर उगाच ओरडलो. साडेपाचला मात्र रेघ उभीच्या उभी चढली, नागाने फणा काढावा तशी, आणि मग हळूहळू तासभर उतरत राहिली. लूपजवळ कुणी नव्हतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन. चाळीस मीटरच्या शॉर्टवेव्ह पट्ट्यावर संध्याकाळी गप्पा चालू होत्या, अचानक सगळे गायब. "बालनमध्ये पाणी शिरलंय, बघायला येतोस का?" (बालन म्हणजे अँटेना आणि केबल यांच्या जोडावरचा डबा.) मी म्हटलं, "साहेब, बालन नाही, सूर्य आहे." सौरज्वाळेचे क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोचतात आणि आयनोस्फिअरचा सगळ्यात खालचा थर एकदम दाट करतात. शॉर्टवेव्हला त्या थरातून आरपार वर जायचं असतं, ती त्यात गिळली जाते. माझे १८.२ किलोहर्ट्झ त्या थराच्या पोटावरूनच उलटतात, त्यांना उलट पक्कं छत मिळतं. एकाच मिनिटाला त्यांचा बँड मेला आणि माझी रेघ चढली. ते म्हणाले, "तू ये आणि शिडी धर."

गेलो. शिडी धरली. बालन कोरडा ठणठणीत.

रात्री आकडे आले: ज्वाळा एक्स ९.३ (एक्स हा सगळ्यात जोरदार वर्ग), आपल्या वेळेनुसार ५:३२ ला शिखर, आणि त्याआधी दुपारी २:४० ला एक्स २.२. माझ्याकडे दोन्ही होत्या. बायकोची माफी मागितली. साहेबांनी पुढच्या आठवड्यात नवा बालन बसवला आणि अजून सांगतात की त्यानेच बँड सुधारला.

तर अर्थ आहे का? कुलाब्याच्या वेधशाळेने चुंबकीय नोंदी १९०४ साली अलिबागला हलवल्या, कारण मुंबईत विजेची ट्राम येऊ घातली होती आणि तिच्या प्रवाहाने उपकरणं बिघडली असती. तिथे तेव्हापासून शांतपणे मोजणंच चाललंय. अलिबागला जाऊन कुणी विचारतं का, तुमचे कॉन्टॅक्ट किती झाले? साहेबांची भिंत कॉन्टॅक्टच्या पोस्टकार्डांनी भरलेली आहे, मला त्याचा आदर आहे. पण ५:३२ ला काय झालं ते त्यांच्या लॉगबुकात "बालन खराब" असं लिहिलंय.

तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो: आधी ऐका, वर्षभर. आपल्या घरात काय कोकलतंय ते कळेल. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, शेजाऱ्याचा इन्व्हर्टर. लॅपटॉप नोंदीच्या वेळी बॅटरीवर चालवा, त्याचा स्वतःचा चार्जर सगळ्यात मोठा चोर. कुणाला लायसन्सची परीक्षा देऊ नका असं मी म्हणत नाही, द्याच. मीही दिली आहे, की माझ्याकडेही आहे, फक्त धूळ जास्त बसते.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: वळवाच्या दिवसांत लांब तार रात्रभर टाकून झोपू नका. विजा ऐकायच्या त्या लांबच्या. ढग डोक्यावर आले की तार जमिनीवर, हेडफोन बाहेर, आपण घरात. माझा तो पहिला एफईटी असाच गेला, नशीब तेवढंच गेलं. लूपची फ्रेम पीव्हीसी पाइपची करा, माझी लाकडाची आहे, पावसाळ्यात फुगते आणि वेढे सैल पडतात.