कॅमेरा कुठे ठेवायचा?

या वेळचे बहुतेक प्रश्न मोबाइलवर लघुपट करणाऱ्यांचे आहेत. त्यातले चार घेतो.

क्लोजअप घेतला की नायिकेचं नाक मोठं दिसतं आणि कान मागे गेल्यासारखे वाटतात. लेन्स खराब आहे का?

लेन्स ठीक आहे, तुम्ही फार जवळ गेला आहात. फोनचा मुख्य कॅमेरा वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारा असतो, फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबात साधारण २४ ते २६ मिमी. त्याने फ्रेम चेहऱ्यानं भरायची तर फोन वीतभर अंतरावर न्यावा लागतो. समजा, नाक कॅमेऱ्यापासून २० सेंटिमीटरवर आहे आणि कान ३२ वर. मग नाक कानाच्या तुलनेत दीडपटीहून मोठं उमटणारच. तेच मागे सरकून पाच फुटांवर या, फरक आठ टक्क्यांवर येतो. चेहरा बिघडतो तो अंतरामुळे. फोनला टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी लेन्स असेल तर ती लावा. नसेल तर फोर-केमध्ये शूट करून संकलनात फ्रेम कापा. शिवाय नवख्या नटीच्या तोंडासमोर फोन धरला की तिच्या डोळ्यांत प्रसंगाऐवजी फोनच दिसतो.

हॉटेलात समोरासमोर बसलेले दोन मित्र बोलतात. जोडून पाहिलं तर दोघंही एकाच बाजूला बघताहेत!

लाइन क्रॉस झाली. दोघांच्या नजरा जोडणारी रेषा टेबलावर आखली आहे असं समजा आणि सगळे शॉट तिच्या एकाच बाजूनं घ्या, सजेशनसुद्धा (एकाच्या खांद्यामागून दुसऱ्याचा घेतलेला शॉट). आता शूट झालंच आहे, तर मध्ये चहाच्या ग्लासाचा क्लोजअप घाला, झटका कमी बसेल. शॉट आडवा उलटवूनही भागतं, पण मागे दरपत्रकाची पाटी असेल तर अक्षरं उलटी दिसतील, तेवढं बघा.

लो अँगलमध्ये माणूस ताकदवान दिसतो आणि टॉप अँगलमध्ये बिचारा, असं शिकलो. माझ्या फिल्ममधली आजी जमिनीवर बसून शेंगा सोलते. टॉप अँगल घेऊ?

आधी हे सांगा, तुमची आजी बिचारी आहे का? तुम्ही उभे राहून फोन धरलात तर टॉप अँगल न ठरवताही येईल आणि आजी खुजी दिसेल. असे नकळत आलेले अँगल मला फार खटकतात.

कॅमेऱ्याची उंची आणि त्याचा कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेन्स जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, आजीच्या डोळ्यांच्या रेषेत आणा आणि सरळ ठेवा. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा कॅमेरा घरातल्या प्रसंगांत असाच खाली असायचा, बहुतेक वेळा ५० मिमी लेन्स लावून. घर बैठकीचं, म्हणून कॅमेराही बसलेला. तुमच्या फ्रेममध्ये आता पुढे सूप येईल, टरफलांचा ढीग येईल, शेंग फोडणारा अंगठा दिसेल. मुलगा दारातून आला तर आधी त्याचे पायच दिसतील. तो आजीजवळ खाली बसतो की उभ्यानंच बोलून निघून जातो, यात दोघांचं नातं कळेल, संवाद नसला तरी. टॉप अँगल राखून ठेवा. मुलगा गेल्यावर एकदाच वापरलात तर बोचेल.

एका प्रसंगाला किती शॉट लागतात?

आकडा नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा लांबवर स्थिर उभा राहतो, न्यायालयाची अख्खी खोली एका फ्रेममध्ये दिसते आणि कामकाज किती संथ, कोरडं चाललंय ते आपण बसून पाहतो. तिथे दर वाक्याला क्लोजअप आला असता तर तो कंटाळा अंगावर आला नसता. तुम्ही आधी अख्ख्या प्रसंगाचा मास्टर, म्हणजे सगळं दाखवणारा लांबचा सलग शॉट घ्या आणि तिथेच फोनवर पाहा. चेहऱ्यावरचं जे लांबून निसटतंय, तेवढ्यासाठीच जवळ जा.