मुलांच्या पार्टीत नाचले जाणारे नाच कुठून आले?

चिकन डान्स, हॉकी पॉकी, माकारेना हे नाच कुणी बसवले आणि देशोदेशीच्या मुलांना ते सारखेच कसे येतात, असं तुम्ही विचारलंय. यातले बहुतेक नाच मुळात मुलांसाठी नव्हतेच. मोठ्यांच्या करमणुकीतून मुलांनी ते उचलले.

मला सगळ्यांत आवडतो तो चिकन डान्सचा प्रवास. वेर्नर टोमास हे स्वित्झर्लंडमधल्या दावोसचे अकॉर्डियनवादक. १९५०च्या दशकात त्यांनी बदकांवरून ही चाल बांधली आणि ते ती हॉटेलांत वाजवायचे. तिथे ती एका बेल्जियन निर्मात्याच्या कानावर पडली. १९८०मध्ये नेदरलँड्समध्ये तिचं रेकॉर्ड तुफान चाललं, पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत ती दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली. बदकाची कोंबडी झाली ती अमेरिकेत. १९८१मध्ये टल्सा शहरातल्या ऑक्टोबरफेस्ट या जर्मन धाटणीच्या उत्सवात हा नाच दाखवायचा होता, पण बदकाचा पोशाख कुठे मिळेना. एका टीव्ही केंद्राकडे कोंबडीचा होता, तोच चढवला.

हॉकी पॉकी मात्र उलट्या वाटेने गेला. हात आत, हात बाहेर, गोल फिरा असा खेळ एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटिश बालगीतांच्या संग्रहात सापडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो ब्रिटनच्या नाचघरांत रंगला, पुढे अमेरिकेत रेकॉर्डवर आला आणि मग पुन्हा मुलांकडे परतला. म्हणून त्याच्या श्रेयावर कुणा एकाने हक्क सांगितला की मला ते पटत नाही.

मागे वाकून आडव्या काठीखालून जायचा नाच, लिंबो, हा त्रिनिदादचा. तो तिथे मयताच्या जागरणात नाचला जायचा. माकारेना स्पेनमधल्या लोस देल रिओ या जोडीचं. १९९६मध्ये ते अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीत १४ आठवडे अव्वल होतं. प्रियकर सैन्यात भरती होतो आणि इकडे बाई त्याच्याच मित्रांबरोबर मजा करते, असं ते गाणं! मुलांनी त्यातले फक्त हातवारे घेतले.

पसरण्याचं कारण मला नाचांच्या घडणीतच दिसतं. जोडीदार लागत नाही, चार-पाच हालचाली फिरून फिरून येतात, चुकलं तर पुढच्या फेरीत सावरता येतं. काहींत तर सूचना गाण्यातच असतात. शिकागोच्या डीजे कॅस्परने 'चा चा स्लाइड' व्यायामशाळेत शिकवणाऱ्या आपल्या भाच्यासाठी केलं होतं, त्यामुळे त्यात डावीकडे सरका, टाळ्या वाजवा असे हुकूम सतत चालू असतात. लग्नसमारंभांत वाजवणाऱ्यांना असं गाणं सोयीचं पडतं, कारण पाच वर्षांचं पोर आणि त्याची आजी एकाच रांगेत उभी राहू शकतात. मुलं नाच शिकतात ती तिथे, मोठ्यांकडे बघून.

आता ते काम यूट्यूब करतं. 'बेबी शार्क'चा दक्षिण कोरियातल्या पिंकफाँग या मुलांच्या ब्रँडचा व्हिडिओ २०१६चा, आणि २०२०च्या नोव्हेंबरमध्ये तो यूट्यूबवर सर्वाधिक पाहिला गेलेला व्हिडिओ ठरला. गाणं त्याआधीपासूनच अमेरिकेतल्या उन्हाळी शिबिरांत म्हटलं जायचं. गाण्याच्या तिथल्या काही रूपांत शार्क पोहणाऱ्याचे हातपाय तोडतो. व्हिडिओत मात्र सगळे सुखरूप निसटतात.