जॅझ पियानोवादक बड पॉवेलची तबकडी पहिल्यांदा घेताय? एवढं बघा

'द अमेझिंग बड पॉवेल, व्हॉल्यूम १' ही निवड उत्तम आहे. ब्लू नोट कंपनीच्या मूळ प्रतीमागे धावू नका, चांगली मोनो (एकाच ध्वनिवाहिनीची) रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा काढलेली प्रत, पुरे. कव्हरवर 'इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड' दिसलं तर ती परत ठेवा. मोनोचं ओढूनताणून स्टिरिओ केलं की पियानो धूसर होतो.

अँप्लिफायरला मोनो बटण असेल तर दाबा, खरखर कमी होईल. पियानोमागचं गुणगुणणं मात्र तबकडीचा दोष समजू नका. तो बडच आहे!

१९४५ची पोलिसांची मारहाण, मनोरुग्णालयं, विजेचे झटके याबद्दल वाचालच. पण प्रत्येक सुरात आजार शोधणं ही नवख्यांची नेहमीची चूक. उजव्या हाताच्या त्या धावत्या ओळींत विलक्षण शिस्त आहे.

यातल्या 'उन पोको लोको'चे तिन्ही टेक, म्हणजे एकाच रचनेची तीन ध्वनिमुद्रणं (१ मे १९५१), सलग ऐका, ड्रमर मॅक्स रोचच्या काउबेलकडे (ड्रमसोबत वाजवायच्या धातूच्या घंटेकडे) कान ठेवून. व्हॉल्यूम २ नंतर.